टायरच्या रबराचं मैदान आणि सरकारी निधी: नागपुरात नेमकं काय आणि कुणाकडे मागायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मानेवाड्याकडच्या तुमच्या लेआउटच्या मोकळ्या जागेत मुलांची खेळणी बसली आहेत, पण खाली उघडा मुरूम आणि गिट्टी आहे. पडून लागण्याचे प्रकार झालेत. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या तुमच्या दिरांनी तिथल्या एका बागेचे फोटो पाठवले. तिथे जुन्या टायरच्या रबराची मऊ जमीन केलेली आहे आणि खर्च सरकारी अनुदानातून झालाय. आपल्याकडे असं अनुदान आहे का, असेल तर अर्ज कुठे करायचा, असं तुमच्या नागरिक समितीने विचारलंय. मी बरीच वर्षं नागपूर आणि आसपासच्या तालुक्यांत बागा, शाळांची मैदानं, अंतर्गत रस्ते अशा कामांची अंदाजपत्रकं करत आलोय. प्रश्न छोटा दिसतो, पण उत्तर लांबणार आहे.

आधी सरळ सांगतो. "जुन्या टायरपासून केलेली वस्तू वापरली म्हणून" बागेला किंवा शाळेला पैसे देणारी वेगळी योजना आपल्याकडे केंद्राचीही नाही आणि राज्याचीही नाही. त्या नावाने अर्ज घेऊन सिव्हिल लाइन्समधल्या कार्यालयांत फिरलात तर प्रत्येक टेबलावर माणूस सहानुभूतीने ऐकेल आणि पुढच्या टेबलाकडे पाठवेल, कारण त्या अर्जाला लेखाशीर्षच (खर्च टाकायचा सरकारी कप्पाच) नाही. मैदानासाठी, बागेसाठी, दिव्यांगांच्या सोयीसाठी, शाळेसाठी मात्र निधी आहे. तेव्हा पैसा मागायचा तो कामासाठी, आणि रबर बसवायचं ते त्या कामाच्या अंदाजपत्रकात. माझं पुढचं सगळं सांगणं याच एका गोष्टीभोवती आहे.

तुमच्या दिरांकडची व्यवस्था वेगळी का, हे समजून घेतलं तर इथली वाट सापडायला सोपं जातं. कॅलिफोर्नियात नवा टायर घेताना ग्राहक दर टायरमागे १.७५ डॉलर शुल्क भरतो. त्यातला मोठा भाग जुन्या टायरच्या व्यवस्थापनासाठी राखलेल्या निधीत जातो आणि तिथलं कचरा व पुनर्चक्रण खातं, कॅलरिसायकल, त्यातून स्थानिक संस्थांना अनुदान देतं. अट अशी की वस्तू कॅलिफोर्नियातच निघालेल्या जुन्या टायरची असली पाहिजे. मिसुरी राज्यातही दर टायरमागच्या ५० सेंट शुल्कातून खेळाच्या मैदानांखाली रबर घालायला मदत झाली आहे. म्हणजे ग्राहकाकडून गोळा झालेला पैसा वस्तू वापरणाऱ्याच्या हातात जातो.

आपण दुसरा रस्ता धरला. २१ जुलै २०२२ रोजी केंद्राने घातक व इतर कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती करून टायरसाठी विस्तारित उत्पादक जबाबदारी आणली. टायर बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीने ठरावीक प्रमाणात जुने टायर पुनर्चक्रित झाल्याचा पुरावा द्यायचा. २०२२-२३ साठी हे प्रमाण २०२०-२१ मध्ये बनवलेल्या वा आणलेल्या टायरच्या ३५ टक्के होतं, २०२३-२४ ला ७० टक्के झालं आणि २०२४-२५ पासून १०० टक्के. पुरावा म्हणजे प्रमाणपत्र. ते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदलेला पुनर्चक्रण कारखाना तयार करतो आणि टायर कंपनी त्याच्याकडून विकत घेते. रिक्लेम रबर (पुन्हा वापरण्याजोगं केलेलं जुनं रबर), रबराचा चुरा, रबरमिश्रित डांबर, परत मिळवलेला कार्बन ब्लॅक (रबरात घालतात ती काळी पूड), टायर तापवून काढलेलं तेल, अशा उत्पादनांवर ही प्रमाणपत्रं मिळतात.

याचा तुमच्याशी संबंध असा. भारतातही टायरच्या नावाने पैसा फिरतोच, पण तो कारखानदारापाशी थांबतो. तुमच्या बागेपर्यंत तो अनुदान होऊन येत नाही. आला तर थोड्या कमी झालेल्या दराच्या रूपाने येईल. म्हणून नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यांच्या मालावर दर मागवणं महत्त्वाचं. ज्याला प्रमाणपत्रातून उत्पन्न आहे त्याला दर खाली आणायला जागा असते. बिगरनोंदणीवाल्याकडे ती नसते, आणि तो नेमके कुठले टायर दळतो हेही कुणी तपासत नाही.

आता निधी. पण त्याच्याही आधी जागा, कारण नागपुरात निम्मे प्रस्ताव जागेवरच अडतात. तुमचा लेआउट शहरात ५७२ आणि १९०० लेआउट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, आधी बिनमंजुरीच्या वसाहतींपैकी असेल, गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालेला असेल, तर सार्वजनिक वापराची मोकळी जागा आज नेमकी कुणाच्या नावावर आहे हे कागदावर पाहा. काही जागा अजून नागपूर सुधार प्रन्यासकडे आहेत, काही महापालिकेकडे हस्तांतरित झाल्या आहेत, आणि काही ठिकाणी मूळ लेआउट पाडणाऱ्याचंच नाव सातबाऱ्यावर आहे. या शेवटच्या प्रकारात खासदार निधीही लागत नाही आणि आमदार निधीही लागत नाही. सार्वजनिक पैसा सार्वजनिक मालकीच्या आणि सगळ्यांसाठी खुल्या जागेवरच खर्च होतो. सोसायटीने कुंपण घालून "फक्त सभासदांसाठी" अशी पाटी लावली असेल तर ती आधी काढा. बेसा, बेलतरोडीसारख्या महापालिका हद्दीबाहेरच्या भागातून हे वाचणाऱ्यांनी तिथली स्थानिक संस्था आणि एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) या दोन्ही ठिकाणी चौकशी करावी.

मालकीचं पत्र आणि मंजूर नकाशाची प्रत हातात आली की मग निधीचं दार ठरवायचं. तुमच्यासारख्या कामासाठी मी पहिल्यांदा महापालिकेचंच दार ठोठावेन. उद्यान विभाग आणि झोनचा अभियंता यांच्यामार्फत प्रभागाच्या विकासकामांत हे काम घालता येतं. नगरसेवकाने पत्र दिलं तर गती येते. झोनच्या कार्यालयात कनिष्ठ अभियंत्याशी बोला. फाइल त्याच्या टेबलावर जन्माला येते, वरून फक्त सह्या होतात.

महापालिकेत एक शीर्ष फार कमी लोक वापरतात. स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखायचा असतो. अनेक ठिकाणी तो वर्षअखेरीपर्यंत पूर्ण खर्च होत नाही. मुरमात आणि वाळूत व्हीलचेअरचं चाक रुततं. सलग रबराच्या पृष्ठभागावर ते सहज जातं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सुगम असाव्यात असं म्हटलंच आहे. तेव्हा फाटकापासून खेळण्यांपर्यंत सलग रबरी वाट, व्हीलचेअरवरच्या मुलाला वापरता येईल असं एखादं खेळणं आणि त्याखालची रबरी जमीन, एवढा भाग या शीर्षाखाली प्रामाणिकपणे मागता येतो. प्रामाणिकपणे म्हणतो, कारण नाव दिव्यांगांचं आणि फाटकाला तीन पायऱ्या, अशी कामं मी पाहिली आहेत. तुमच्या भागातल्या दिव्यांग मुलांच्या पालकांना प्रस्ताव करतानाच सोबत घ्या. त्यांना काय लागतं ते त्यांनाच माहीत असतं.

दुसरं दार खासदार आणि आमदार निधीचं. खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपये असतात. तो काम सुचवतो आणि मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. आमदार निधीचीही रीत तशीच. इथे काम टिकाऊ मालमत्ता निर्माण करणारं असावं लागतं. खेळणी, त्याखालची काँक्रीटची बैठक आणि चिकटवलेलं रबर मिळून एक मालमत्ता होते. सुटा रबराचा भुगा पसरायचा म्हटलं तर "ही तर दुरुस्ती झाली" असा शेरा येऊ शकतो. अंदाजपत्रक म्हणून एकत्रच करा, रबर वेगळं काढू नका.

तिसरं दार जिल्हा नियोजन समितीचं. जिल्हा वार्षिक योजनेत नाविन्यपूर्ण योजना म्हणून एक कप्पा असतो आणि टायरच्या पुनर्वापराचा मुद्दा जिथे स्वतःच्या बळावर चालतो ते बहुधा हे एकच ठिकाण. पण एका लेआउटची बाग नाविन्यपूर्ण ठरत नाही. जिल्ह्यातल्या काही जिल्हा परिषद शाळांत किंवा अंगणवाड्यांत टायर रबराची सुरक्षित मैदानं, असा प्रस्ताव यंत्रणेमार्फत गेला तर तो तिथे शोभतो. तुमच्या भागातल्या एखाद्या मुख्याध्यापकांना किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांना यात रस असेल तर त्यांना हे जरूर सांगा. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून शाळांना मिळणारं क्रीडा अनुदान प्राथमिकला वर्षाला ५ हजार आणि उच्च प्राथमिकला १० हजार रुपये. त्यात चेंडू, दोऱ्या आणि रिंग येतात, मैदान होत नाही. उमरेड, सावनेर, पारशिवनी, कामठी या खाणपट्ट्यातल्या गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे आणि शिक्षण व बालकल्याण त्याच्या प्राधान्य विषयांत बसतात. माझ्या मते ग्रामीण शाळांसाठी आज तेच सगळ्यात आश्वासक दार आहे. क्रीडा विभागाची क्रीडांगण विकास अनुदान योजनाही आहे, पण तिचा कल धावपट्टी, कुंपण, मैदान सपाटीकरण यांकडे असतो; लहान मुलांच्या खेळण्यांसाठी तिच्यामागे लागू नका.

आता सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायचा खर्च, कारण तुमच्या समितीतल्या एका सदस्याने "टायर कंपनीकडेच मागू" असं सुचवलंय. कल्पना स्वाभाविक आहे, पण एक मेख लक्षात घ्या. कायद्याने बंधनकारक असलेला खर्च कंपनीला सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. टायर पुनर्चक्रण ही आता टायर कंपनीची कायदेशीर जबाबदारी आहे. त्यामुळे "तुमच्या टायरची विल्हेवाट लागते" असं सांगून मागाल तर त्यांचा लेखापरीक्षक नको म्हणेल. "मुलांसाठी सुरक्षित मैदान" म्हणून मागाल तर विचार होईल. आणि टायर कंपनीच कशाला? वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या दोन्ही सरकारी कंपन्यांची मुख्यालयं नागपुरातच आहेत आणि कंपनी कायद्याचं कलम १३५ आपल्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतं. मात्र नागरिक समितीच्या खात्यात असा पैसा थेट येत नाही. संस्था नोंदणीकृत हवी, आयकराची १२अ आणि ८०जी मान्यता हवी, सीएसआरचा पैसा घेण्यासाठीच्या नोंदणीचा सीएसआर-१ क्रमांक हवा आणि कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. तेवढं तुमच्याकडे नसेल तर महापालिकेने काम करायचं आणि कंपनीने खर्च द्यायचा, असा करार जास्त सुटसुटीत पडतो.

निधीचं दार उघडलं तरी खरी अडचण पुढे असते. ती अंदाजपत्रकाची. सरकारी काम दरसूचीवर चालतं. अभियंता सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची उघडतो, पेव्हर ब्लॉकचा दर सापडतो, काँक्रीटचा सापडतो, मुरमाचा सापडतो. मुलांच्या मैदानासाठी ४० मिमी जाडीचं, ठरावीक उंचीवरून पडलं तरी डोकं वाचवणारं रबर, असा आयटम त्याला हवा तसा सापडत नाही. मग तो काय करतो? पेव्हर ब्लॉक टाकतो. नागपुरातल्या कितीतरी घसरगुंड्यांखाली पेव्हर ब्लॉक आहेत ते याच कारणाने, कुणाच्या वाईट हेतूने नाही. दरसूचीबाहेरच्या आयटमसाठी दर पृथक्करण (माल, मजुरी, वाहतूक धरून दर कसा आला याचा हिशोब) करावं लागतं, किमान तीन दरपत्रकं जोडावी लागतात आणि वरिष्ठ अभियंत्याची मान्यता घ्यावी लागते. हे काम वाढतं म्हणून टाळलं जातं. तुमची समिती इथे सगळ्यात जास्त मदत करू शकते. तीन नोंदणीकृत उत्पादकांकडून जीएसटी, वाहतूक आणि बसवण्याचा खर्च वेगळा दाखवलेली दरपत्रकं मागवा, त्यांचे चाचणी अहवाल जोडा आणि तो गठ्ठा कनिष्ठ अभियंत्याला द्या. दरपत्रकं एकमेकांशी संबंधित फर्मची नसावीत. हे शेवटचं वाक्य हलक्यात घेऊ नका. लेखापरीक्षणात पहिला आक्षेप तिथेच निघतो.

आयटमचं वर्णन मी साधारण असं लिहितो, तुम्ही हवं तर जसंच्या तसं द्या: "वापरलेल्या टायरच्या रबरी चुऱ्यापासून पॉलियुरेथेन बाइंडरने बांधून तयार केलेला, वरचा थर रंगीत ईपीडीएमचा, खेळण्याच्या कमाल पडण्याच्या उंचीला पुरेशी जाडी असल्याचा ईएन ११७७ किंवा एएसटीएम एफ १२९२ नुसार प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल असलेला पृष्ठभाग पुरवणे व बसवणे. रबरी चुरा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या आणि संबंधित राज्य मंडळाचे संमतीपत्र असलेल्या पुनर्चक्रण कारखान्याचा असावा. दोषदायित्व कालावधी तीन वर्षे." यातलं बाइंडर म्हणजे चुरा बांधणारा चिकट पदार्थ, ईपीडीएम म्हणजे ऊन-पाऊस सोसणारं कृत्रिम रबर, ईएन आणि एएसटीएम ही युरोपची आणि अमेरिकेची चाचणी मानकं, आणि दोषदायित्व म्हणजे त्या काळात निघालेला दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करणं. ब्रँडचं नाव कुठेही घालू नका. एका ब्रँडला साजेसं वर्णन आहे अशी तक्रार आली की निविदा रद्द होते आणि तुमचं वर्ष वाया जातं.

त्यातल्या पडण्याच्या उंचीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण सगळी सुरक्षितता तिथे आहे. मूल जिथून पडू शकतं त्या सर्वांत उंच जागेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. रबराची जाडी त्या अंतरावर ठरते. चाचणीत डोक्याच्या आकाराचं वजन त्या उंचीवरून टाकतात आणि धक्का मोजतात. डोक्याच्या इजेचा निर्देशांक १,००० च्या आत यावा लागतो. बाजारात सर्रास मिळणारी २५ मिमीची टाइल व्यायामशाळेसाठी, चालण्याच्या वाटेसाठी ठीक आहे. उंच घसरगुंडी किंवा चढायच्या जाळीखाली ती दिसायला मऊ असते, पण पुरत नाही. विक्रेता "सगळीकडे हीच चालते" म्हणाला तर अहवाल मागा. अहवालातली उंची आणि तुमच्या खेळण्याची उंची एकमेकांशी जुळवून पाहा. एवढं एक केलंत तरी या पत्राचं काम झालं असं मी समजेन.

जमिनीचं दुसरं प्रकरण आपल्या काळ्या मातीचं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. तिच्यावर पातळ काँक्रीट ओतून टाइल चिकटवली की दुसऱ्या पावसाळ्यानंतर काँक्रीट तडकतं, टाइलांच्या फटी उघडतात, कडा उचलल्या जातात आणि मुलं त्याच कडांना अडखळतात. काळी माती साधारण दीड-दोन फूट काढून मुरूम थराथराने दाबून भरावा, त्यावर खडीचा थर आणि मग किमान १०० मिमी काँक्रीट, पाण्याला उतार देऊन. अंदाजपत्रकातला हा भाग रबराइतकाच खर्चिक होतो म्हणून तोच कापायचा मोह होतो. खर्च कमी करायचा असेल तर क्षेत्रफळ कमी करा, पाया नाही. काम पाऊस पूर्ण ओसरल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करून घ्या. ओल्या काँक्रीटवर चिकटवलेलं रबर टिकत नाही.

आणि ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या या शहरात काळं रबर दुपारी अनवाणी पायाला भाजतं, हे परदेशातल्या फोटोत दिसत नाही. यावर उपाय आहेत. वरचा थर फिकट रंगाचा घ्या, खेळणी कडुनिंबाच्या वा करंजाच्या सावलीत हलवता येत असतील तर हलवा, सावली नसेल तर शेडनेटचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरा. सगळ्या बागेत रबर घालायच्या मी विरुद्ध आहे. खेळण्यांखाली, व्हीलचेअरच्या वाटेवर आणि ज्येष्ठांच्या व्यायामाच्या साधनांभोवती तेवढं घालावं. बाकी जमीन मोकळी राहू द्या, तिच्यात पाणी मुरू द्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर शहरातली मोकळी माती झाकताना दहादा विचार करायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

टायरचं रबर मुलांच्या आरोग्याला घातक नाही ना, असंही तुम्ही विचारलंय. टायरमध्ये तेलं, धातू आणि पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची रसायनं असतात, हे खरं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने कृत्रिम गवतात भरल्या जाणाऱ्या टायरच्या चुऱ्याचा अभ्यास २०१९ आणि २०२४ अशा दोन भागांत प्रसिद्ध केला. चुऱ्यात रसायनं आहेत, पण खेळणाऱ्याचा त्यांच्याशी येणारा संपर्क मर्यादित दिसतो, असा त्याचा सूर आहे. धोक्याचा अंतिम निवाडा म्हणून तो केलेला नाही. युरोपीय संघाने अशा चुऱ्यातल्या आठ हायड्रोकार्बनची एकत्रित मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमवर आणली आणि २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकच्या नियमाखाली मैदानात भरण्यासाठी सुटा चुरा विकण्यावर बंदी ठरवली. ती ऑक्टोबर २०३१ पासून लागू होईल. बंदीचं मुख्य कारण हे कण वाहून पाण्यात आणि मातीत जातात हे आहे. या सगळ्यावरून माझं मत असं की लहान मुलांच्या जागेत सुटा चुरा किंवा सुटे तुकडे कधीही पसरू नयेत. ते तोंडात जातात, चपलांतून घरी येतात आणि पावसात नालीतून नाग नदीत जातात. बांधलेला पृष्ठभाग, वर ईपीडीएमचा थर आणि हायड्रोकार्बनचा चाचणी अहवाल, एवढं असेल तर मी माझ्या नातवंडांना तिथे निर्धास्त खेळू देईन. थर झिजून काळा चुरा सुटायला लागला की मात्र तो भाग लगेच दुरुस्त व्हायला हवा, म्हणून तीन वर्षांचं दोषदायित्व.

अख्खे टायर रंगवून अर्धे जमिनीत पुरण्याबद्दल एकच सांगतो. शाळांत ते सुंदर दिसतात, स्वस्त पडतात, पण आत साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. प्रत्येक टायरला खालून भोकं पाडलेली नसतील किंवा आत माती गच्च भरलेली नसेल तर ते करू नका.

तुमच्या समितीतल्या एका काकांनी रस्त्याचाही विषय काढलाय: लेआउटचा रस्ता टायरच्या डांबराचा मागता येईल का? रबरमिश्रित डांबर हा जुना, सिद्ध झालेला प्रकार आहे. त्याच्यासाठी आयएस १७०७९ हे २०१९ चं भारतीय मानक आहे, इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ५३ ही मार्गदर्शिका आहे. उष्ण हवेत ते साध्या डांबरापेक्षा कमी मऊ पडतं आणि चाकोऱ्या कमी पडतात, म्हणजे विदर्भाला ते साजेसंच आहे. पण प्लास्टिकचा कचरा डांबरी रस्त्यांत वापरावा असा आदेश केंद्रीय रस्ते मंत्रालयाने २०१५ मध्ये काढला, तसा जोर रबराच्या मागे लागला नाही. शिवाय गेल्या काही वर्षांत नागपुरातले मुख्य रस्ते सिमेंटचे झालेत, त्यामुळे शहरात वावच कमी. आणि एका गल्लीच्या छोट्या कामाला हे डांबर परवडत नाही. त्यातला रबर खाली बसू नये म्हणून ते सतत ढवळत, गरम ठेवावं लागतं, एका टँकरचा माल एका दमात संपवावा लागतो. हा विषय जिल्हा परिषद किंवा बांधकाम विभागाच्या लांब रस्त्यांसाठी ठेवा.

रस्त्यावर बोल्टने ठोकलेल्या काळ्या-पिवळ्या रबरी पट्ट्या मागत असाल तर थांबा. गतिरोधकाचं माप इंडियन रोड्स काँग्रेसच्या ९९ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत आहे: ताशी २५ किलोमीटरसाठी ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच. त्या अरुंद पट्ट्या या मापात बसत नाहीत, कंबरेला हिसका देतात आणि काही महिन्यांत उखडून बोल्ट वर राहतात.

किती टायर खरंच कामी येतात, हेही विचारलंत. १०० चौरस मीटर जागेत ४० मिमी जाडीचा थर म्हणजे ४ घनमीटर माल, वजन सुमारे साडेतीन टन. ट्रकच्या एका टायरमधून तार आणि धागा काढल्यावर पस्तीसेक किलो रबर मिळतं असं धरलं तर साधारण ८० ते १०० ट्रकचे टायर झाले. ईपीडीएमचा वरचा थर नव्या रबराचा असतो, तेवढं त्यातून वजा करा. वाडी आणि कापसीच्या ट्रान्सपोर्टच्या पट्ट्यात जेवढे टायर पडून असतात त्यापुढे हा आकडा लहान आहे, पण प्रस्तावात तो असाच, हिशोबासकट लिहा. राज्य सरकारच्या माझी वसुंधरा या पर्यावरण अभियानात गुण मिळवायला महापालिकेला अशा कामाची नोंद उपयोगी पडते आणि अधिकाऱ्यालाही ते माहीत असतं.

वेळेचं गणित सांगून थांबतो. जिल्हा वार्षिक योजनेच्या आणि महापालिकेच्या पुढच्या वर्षाच्या मागण्या दिवाळीच्या आसपासपासून जमू लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत गेलेलं पत्र बहुधा पुढच्या वर्षावर ढकललं जातं. तेव्हा गणपती उठले की मालकीचं पत्र आणि नकाशा काढा, दसऱ्यापर्यंत जागेची मापं, प्रत्येक खेळण्याची पडण्याची उंची आणि फोटो एका कागदावर आणा, दरपत्रकं मागवा. अर्जाचा विषय असा लिहा: "सार्वजनिक मोकळ्या जागेतील बालक्रीडांगणात सुरक्षित व दिव्यांगसुलभ पृष्ठभाग बसवणेबाबत". टायरचं नाव विषयात नको. ते दुसऱ्या परिच्छेदात, आयटमच्या वर्णनात येऊ द्या. सोबत समितीचं एक हमीपत्र जोडा की रोजची झाडलोट आणि देखरेख आम्ही करू. असं पत्र जोडलेली फाइल पुढे सरकते, कारण प्रत्येक अधिकाऱ्याला पहिली काळजी देखभालीची असते. अंदाजपत्रकाचा कच्चा मसुदा झाला की मापांसकट इथेच टाका. पायाचा आणि जाडीचा भाग मी तपासून देईन.